फक्त तडा भरायचा होता

विजयश्रीने सुरेंद्र थिगळ्यांना अगदी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. या लोखंडी फ्रेमच्या मागच्या उजव्या पायाला तडा गेलाय, तेवढा वेल्डिंग करून भरा आणि बाकी कशाला हात लावू नका. थिगळ्यांनी मान डोलावली होती. पण ते ऐकत नव्हते, तिच्या जर्सीकडे बघत होते. जर्सीवर 'भारत' लिहिलेलं होतं.

विजयश्री बसून गोळा फेकायची. कॉलेजात असताना झालेल्या अपघातानंतर तिचे पाय चालत नव्हते. त्या फ्रेमवर बसायचं, पट्ट्यांनी स्वतःला आवळून घ्यायचं, एका हाताने पुढचा दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने गोळा भिरकावायचा, असा तो खेळ. आकुर्डीच्या मैदानावर ती रोज सकाळी हेच करायची, आणि आता आशियातल्या पॅरा खेळाडूंच्या स्पर्धेसाठी भारताच्या संघात तिची निवड झाली होती. थिगळे भोसरीच्या एमआयडीसीत टेम्पो-ट्रकच्या ड्रायव्हरांसाठी सीटा बनवायचे. त्यांनी बनवलेली सीट कुठल्या टेम्पोत बसली आणि तो टेम्पो कुठल्या घाटात गेला, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आपल्या हातचं काही भारताच्या नावाने परदेशात जाणार, या विचाराने त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यातून थिगळ्यांना एक खोड होती. आलेली वस्तू आली तशी परत गेली तर त्यांना चुकल्यासारखं वाटे. कुणी बादलीची कडी जोडायला आणली, तर ते बुडाला पट्टी मारून आणि रंग देऊन पाठवत. बायको शैलाताई कारखान्याचा व्यवहार सांभाळत होत्या, म्हणून तर 'स्वरूपा इंजिनिअरिंग' अजून चालू होतं.

तर फ्रेम बघून थिगळ्यांचं काळीज हललं. गंजलेले पाइप, पाठीला वाकडा टेका आणि बसायला नुसती फळी. देशाची पोरगी असल्या सांगाड्यावर बसते, हे त्यांना बघवेना. त्यांनी वेल्डर किसनला बोलावलं. किसन मूळचा परभणीकडचा, हात सोन्याचा, पण मालक म्हणतील त्याला नाही म्हणणं त्याला ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून नवी फ्रेम बांधायला घेतली. ट्रक ड्रायव्हरच्या सीटखालची स्प्रिंग घातली. वर जाड फोम, त्यावर मरून रेक्झिन, कडेने पांढरी पायपिंग. उंची कमीजास्त करायला खटका. पाण्याची बाटली ठेवायला कडं. पाठीमागे मोठ्या अक्षरांत विजयश्रीचं नाव.

खंडेनवमीचा दिवस आला. कारखाना धुऊनपुसून काढण्यात आला. अडगळ सकाळीच भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. मग सगळ्या मशिनींना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या आणि नव्या सीटवर थिगळ्यांनी स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढलं. एकदा पूजा झाली, की दसऱ्यापर्यंत मशीन चालू करायचं नाही, हा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा नेम होता.

दुपारी विजयश्री मागे दोन जादा चाकं जोडलेल्या स्कूटरवरून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं दिल्लीचं विमान होतं. माळ घातलेली सीट बघून ती हसली. काकांचं मन मोडायला नको म्हणून हातांच्या जोरावर स्कूटरवरून सरकून सीटवर बसलीही. पिशवीतून गोळा काढून तिने मानेशी धरला, अंग मागे नेलं आणि फेकला. सीट खाली बसली, वर आली, पुन्हा खाली बसली. गोळा दोन हातांवर पडून ड्रिल मशीनच्या पायथ्याशी गडगडत गेला. विजयश्री मात्र बराच वेळ वरखाली होत राहिली.

"काका, हिच्यावरून गोळ्याऐवजी मीच जाईन," ती म्हणाली.

थिगळे हसायला लागले. तेव्हा तिने शांतपणे समजावून सांगितलं, की स्प्रिंग नियमात बसत नाही. बसत असती तरी उपयोग नव्हता, कारण खुर्ची हलली की अंगातला सगळा जोर खुर्चीच खाते. तो वाकडा टेका मुद्दाम वाकडा होता. तिच्या पाठीच्या बाकानुसार, सहा वर्षं थोडा थोडा वाकवत तो तिथे आणला होता.

"माझी जुनी फ्रेम द्या. कुठंय ती?"

थिगळ्यांनी किसनकडे पाहिलं. किसनने झेंडूच्या माळेकडे पाहिलं.

"मालक, तुमीच म्हणला की, जुनं समदं काढून टाक म्हणून," किसन हळूच म्हणाला. "भंगारात गेलं की ते."

थिगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विजयश्रीचा चेहरा असा उतरला, की त्यापेक्षा तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं. पोरीची सहा वर्षांची मेहनत त्यांनी कौतुकाच्या भरात किलोवर विकली होती.

थिगळे आणि किसन मोटारसायकलवर आणि मागे विजयश्री स्कूटरवर, अशी वरात भंगारवाल्याकडे निघाली. भंगारवाल्याने डोकं खाजवून सांगितलं, की असली एक खुर्ची होती खरी, पण ती चौकातल्या चिमाबाईने गाडीवरूनच उतरवून घेतली.

चिमाबाई चौकात झेंडू आणि कोहळे विकत होती. आजूबाजूच्या सगळ्या बायका जमिनीवर पोत्यावर बसल्या होत्या. ती एकटी विजयश्रीच्या फ्रेमवर, पाठ टेकून, पट्टीसुद्धा कमरेला लावून, अख्ख्या चौकावर नजर ठेवून बसली होती. गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या त्या बाईला बऱ्याच वर्षांनी मनासारखं आसन मिळालं होतं.

थिगळ्यांनी आधी घाबरवून पाहिलं. ही खुर्ची कच्ची आहे, मोडेल, असं सांगितलं.

"सकाळधरनं बसलीया मी," चिमाबाई म्हणाली. "मोडायची आसती तर कवाच मोडली आसती."

मग त्यांनी दुप्पट पैसे देऊ केले. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. भंगाराला दुप्पट पैसे देणारा माणूस एक तर खुळा असतो नाही तर लबाड, आणि थिगळे काही खुळे दिसत नव्हते. चिमाबाईने पट्टी आणखी आवळली. तोवर विजयश्री स्कूटर वळवून जवळ आली आणि तिने काही न लपवता खरं काय ते सांगितलं. ही फ्रेम माझी आहे, हिच्यावर बसून मी गोळा फेकते, उद्या भारताकडून खेळायला निघालेय.

चिमाबाईने तिच्या पायांकडे पाहिलं, मग दंडांकडे पाहिलं.

"बसून फेकतीस? किती लांब जातंय ते?"

"बघायचंय?"

"दाव की मंग."

चिमाबाई उठली. विजयश्रीला उचलायला किसन पुढे झाला, पण तोवर ती हातांवर अंग तोलून स्वतःच फ्रेमवर गेली होती. तिने पट्ट्या बांधल्या. फ्रेम जमिनीला जखडायला काही नव्हतं, म्हणून थिगळे आणि किसन रस्त्यावरच मांडी घालून बसले आणि दोघांनी मागचा एकेक पाय घट्ट धरला. थिगळ्यांनी मुद्दाम तड्याचा पाय घेतला आणि तडा दोन्ही मुठींत गच्च दाबला. गोळा कारखान्यातच राहिला होता. चिमाबाईने ढिगातून एक लहानसा, गोल कोहळा निवडून तिच्या हातात दिला. समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कुणी नाही, हे विजयश्रीने दोनदा पाहून घेतलं.

कोहळा मानेपाशी गेला. तिने डोळे मिटले. चौकातला गोंगाट चालूच होता, पण थिगळ्यांना तो ऐकू येईना. मग तिच्या कमरेपासून काहीतरी उसळलं, पाठीतून खांद्यात गेलं, आणि थिगळ्यांच्या मुठीतल्या पाइपला असा हिसका बसला, की त्यांचे दात एकमेकांवर आपटले. टनावारी वजनाखाली सीटा तपासलेला तो माणूस. पण एवढ्याशा पोरीच्या अंगातून असं काही निघेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कोहळा उभ्या टेम्पोच्या टपावरून गेला, कुंपणाची तार ओलांडून गेला आणि प्लॉटच्या मध्यावर जाऊन फुटला.

एका रिक्षावाल्याने रिक्षा बंद केली. चिमाबाईचा हात हातातल्या झेंडूसकट वरच्या वर राहिला. आपण काय पाहिलं हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं, पण सगळ्यांनी एकदमच पाहिलं होतं. थिगळ्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"घिऊन जा बये," चिमाबाई म्हणाली. "कोहळ्याचं पैसं नगं. खंडेनवमीला फुटायचाच हुता त्यो."

आता आपण कशावर बसायचं, हे मात्र तिने लगेच विचारलं. तासाभरात मरून रेक्झिनची सीट तिच्या दुकानात आली. चिमाबाई बसली, खाली गेली, वर आली, आणि त्या दिवशी ती गिऱ्हाइकांशी जरा जास्तच गोड बोलली म्हणतात.

फ्रेम आली, पण पूजा झालेलं वेल्डिंग मशीन माळ घालून बसलं होतं. थिगळे त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. इतक्या वर्षांचा नेम कसा मोडायचा? शैलाताई ऑफिसातून बाहेर आल्या, त्यांनी माळ उचलून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं.

"चालावं म्हणूनच पूजा केली ना?" त्या म्हणाल्या.

किसनने तडा भरला. आयुष्यात एवढ्या हळू त्याने काहीच जोडलं नव्हतं. जोड थंड झाल्यावर थिगळ्यांनी तो बोटाने चाचपला, पुन्हा चाचपला, आणि सवयीने त्यांचा हात रंगाच्या डब्याकडे गेला.

"काका, रंगसुद्धा नको," विजयश्री म्हणाली. त्यांनी डबा खाली ठेवला. त्यांना ते किती जड गेलं, हे फक्त शैलाताईंनाच समजलं.

स्पर्धेच्या दिवशी कारखान्यात जेवणाची सुट्टी लवकर झाली. मोबाइल टेबलावरच्या शिकंज्यात अडकवला होता आणि त्याभोवती सगळे दाटीवाटीने उभे होते. दूरच्या देशातलं हिरवंगार मैदान, भरलेल्या गॅलऱ्या, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ती गंजकी फ्रेम आणि तिच्यावर विजयश्री. तिने गोळा मानेशी नेला. कारखान्यात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. ती उसळली. फ्रेम तसूभरही हलली नाही. कारखान्यात एकच जल्लोष उठला. पुढच्या फेकीला तेच झालं, त्याच्या पुढच्या फेकीलाही तेच. शेवटच्या फेकीनंतर किसनने मालकांना मिठी मारली, थिगळ्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि कुणीतरी हळदकुंकवाची वाटी मोबाइलवरच उपडी केली.

शैलाताई आतून धावत आल्या. "कितवी आली?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गोळा कुठे पडला, हे एकानेही पाहिलं नव्हतं. शेवटपर्यंत सगळ्यांची नजर मागच्या उजव्या पायावर खिळली होती. आता पडद्यावर नुसतं लाल कुंकू दिसत होतं.

शैलाताईंनी कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत कारखान्यात कुणाचं कामात लक्ष लागेना. शेवटी विजयश्रीचाच फोन आला. थिगळ्यांनी तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. त्यांना खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"पोरी, जोड कसा आहे?"

पलीकडून तिचा आवाज आला, ती हसत होती की रडत होती ते त्यांना नीट कळलं नाही.

"जोड चांगला आहे, काका. मीपण चांगली आहे. दुसरी आले."