दीड पिळाचे अण्णा

आमच्या समोरच्या दौलतअण्णांना वाढदिवसाला बोलावू नये. मी बोलावलं. चिनूला पाच वर्षं पूर्ण झाली होती. केक कापायच्या आधीच अण्णांनी मुलांना वाटायच्या लॉलीपॉपच्या ताटातला एक उचलला, नाकाशी धरून काडी फिरवली आणि ताट टेबलावर आपटलं.

"मनीषा, हे कुठून आणलं? याला पीळच नाय!"

पाहुणे बघतच राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीचा वाढदिवस, आणि हा माणूस वेष्टनाचा पंचनामा करतोय!

अण्णा अंबडच्या गोळ्यांच्या कारखान्यात उभा जन्म एकाच मशीनवर होते. मशीन लॉलीपॉपवर कागद टाकायचं आणि काडीभोवती त्याला पीळ द्यायचं. किती? दीड. एक दिला तर खोक्यातच सुटतो, दोन दिले तर पोरांच्या बोटांना सुटत नाही. "दीड म्हंजे दीड!" हे आमच्या जिन्यातल्या मांजरालाही पाठ आहे. नळ असो, गॅस असो, अण्णांना घट्ट काही खपत नाही. एकदा माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी न विचारता सैल करून ठेवलं. फडताळभर तेल! वर मलाच म्हणाले, "एवढं आवळतात का, ताकद उतू चाललीय का तुझी?"

मग कारखान्यात नवीन मशीन आलं. ते लॉलीपॉप पिशवीत घालून पिशवी चिकटवतं, पीळबीळ नाहीच. अण्णा त्या पिशव्यांचं ताट घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, हे दातानं फाडावं लागतंय!"

साहेब म्हणाले, "अण्णा, मिनिटाला किती निघतात ते बघा."

"आन् उघडतात किती, ते कोण बघणार?"

जुनं मशीन भंगारात गेलं. त्याच महिन्यात अण्णा रिटायर झाले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आता सगळ्या सोसायटीला ते ऐकावं लागतं.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी तावातावाने भांडायलाच गेले. दार उघडंच होतं.

अण्णांच्या पत्नी यमुनाकाकू कॉटवर बसल्या होत्या. अर्धांगवायूपासून त्यांचा उजवा हात चालत नाही. वेणी, बटणं, भाकरी कुस्करणं, सगळं अण्णाच करतात. काकूंनी लॉलीपॉपची काडी गुडघ्यांत धरली होती आणि डाव्या हाताने कागदाचा पीळ सोडवत होत्या. शेजारी अण्णा आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. जगाच्या बरण्या उघडणारा हा माणूस!

खूप वेळ लागला. कागद सुटला तशा काकू हसल्या. "बघ गं, एवढं एक माझं मी करते. यांचं मशीन लय गुणाचं. अजून तसंच चालतंय."

मी म्हणाले, "मशीन?"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. मागे स्वयंपाकघराच्या ओट्यावर कात्री होती, बटरपेपरचे चौकोन होते आणि फाडलेल्या पिशव्यांचा ढीग होता.

"हो काकू," मी म्हणाले, "चांगलंच चालतंय."

भांडण राहिलंच. घरी येऊन मी बटरपेपर शोधला, उरलेल्या लॉलीपॉपच्या पिशव्या फाडल्या, स्वतः पीळ दिले आणि सगळे अण्णांना दारात बोलावून दिले. त्यांनी एक काडी फिरवली, आणि झाले सुरू.

"हा पीळ हाय? दोन झाले! अक्कल गहाण टाकली का?"

माझंही डोकं फिरलं. "अहो, केलं तेही चुकलं का?"

अण्णांनी मागे आपल्या घराकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आणला.

"सुटला नाय तर रडती गं ती."