आधी तुमचा आवाज

"मुका झाला रे तुझा पोपट," आई म्हणाली, आणि धाकटा चहाचा कप तसाच ठेवून धावला.

डोळ्यांनी साथ सोडली तेव्हापासून आईचा संगणक तिला सगळं वाचून दाखवत असे: बातम्या, पुस्तकं, नातेवाइकांचे निरोप. आज पडदा उजळला होता, पण आवाज नव्हता. आणि वाचून दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती धाकट्यानं कालच सोडली होती.

प्रोग्रॅम मूळचा ताईचा आणि त्याचा. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही आत डोकवावं, कोणीही सुधारावं, पैसे कोणी मागू नयेत. एका खुंट्याला दोघांचे हात. जातं कसं हलकं फिरत होतं! मग आवाज संथ हवा की भरभर, यावरून वाजलं. धाकट्यानं चारचौघांत लिहिलं, "ताईचा आवाज म्हणजे पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा." लोक हसले. ताई हसली नाही. तिनं प्रोग्रॅमची प्रत उचलली आणि वेगळी चूल मांडली. घराची वाटणी व्हायची राहिली होती, ती अशी झाली. दोन्ही चुलींभोवती माणसं जमली, दोन समूह झाले. ताई आईला भेटायला येई, पण धाकटा ऑफिसात असताना.

वर्षं गेली. ते वाक्य धाकट्याला कुसळासारखं सलत राहिलं. दिसत नाही, निघतही नाही. यंदा दोन्ही समूहांनी ठरवलं, आवाजाचं काम तरी मिळून करू. धाकट्याला वाटलं, माफी मागायची तर आत्ताच. तोंडानं मागायला जीभ रेटेना, म्हणून हातानं मागितली. आपला आवाज त्यानं मुळासकट उपटला आणि प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, बोलायची वेळ आली की ताईच्या प्रोग्रॅमकडून आवाज घे. करून पाहिलं, छान चाललं. कोणाला सांगितलं मात्र नाही. कौतुक नको म्हणून. आणि ताईनं आपणहून ओळखावं म्हणूनही.

आता तो तपासायला बसला. त्याचा प्रोग्रॅम ताईच्या प्रोग्रॅमकडे आवाज मागत होता. ताईचा प्रोग्रॅम तो परत त्याच्याकडेच मागत होता. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. ताईनंही कालच, कोणाला न सांगता, आपला आवाज काढून त्याचा लावला होता! दारात उभ्या दोन पाहुण्यांचं "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" चाललं होतं, आणि घरात कोणीच शिरत नव्हतं.

दुपारपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. दोन्ही समूहांची तातडीची बैठक पडद्यावर भरली.

"चूक आमची. आधी विचारायला हवं होतं," धाकट्याच्या बाजूचं कासव म्हणालं. तिथं सगळे टोपणनावानंच ओळखले जात.

"असं कसं? चूक आमचीच," ताईच्या बाजूची टाचणी.

"हा आमच्यावर अन्याय होतोय, टाचणीबाई!"

"अहो, चूक वाटून घ्या निम्मी निम्मी!" एक अंध मास्तर मध्येच कडाडले. "मला वर्गावर जायचंय!"

पूर्वी "चूक तुमची" म्हणून भांडत, आता "चूक आमची" म्हणून भांडत होते. वेळ तेवढाच जात होता. ताई बैठकीत होती, पण गप्प. धाकटाही गप्प. शेवटी ठरलं, ज्यानं त्यानं आपला जुना आवाज परत बसवावा. इतक्या वर्षांत दोन्ही समूहांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही वेगळं राहण्यावर. होकाराचं बटण दाबताना धाकट्याचं बोट जड झालं.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"माझा आवाज का घेतलास?"

"तुझा बरा आहे म्हणून. तू माझा का घेतलास?"

"आईला तो आवडतो. माझा बरा आहे, हे तेव्हा म्हणाला असतास तर..."

"हो."

"कुत्रं म्हणालास तू."

"म्हणालो गं. चुकलं माझं."

मागे आईचा संगणक एकदम बोलू लागला. धाकट्याचा जुना आवाज परत बसला होता, संथ, स्पष्ट.

"कोण आहे रे फोनवर?" आईनं विचारलं.

"ताई."

आईनं चाचपडत बटण शोधलं आणि दोन समूहांनी दिवसभर खपून बोलतं केलेलं यंत्र एका बोटानं गप्प केलं.

"फोन इथं टेबलावर ठेव. आवाज मोठा कर."

"घे, बोल तिच्याशी."

"मी बोलतेच की तिच्याशी. आज तुम्ही बोला. मी ऐकते."

यंत्रांना वाचा देणारी ती दोघं, पण त्यांना एक शब्द सापडेना. वाया गेलेली सगळी वर्षं मध्ये येऊन बसली होती, उठायचं नाव घेत नव्हती. अखेर ताई खाकरली.

"तुमच्याकडे... ऊन आहे का रे?"

ताई राहायची दोन गल्ल्या सोडून.

"आहे," धाकटा म्हणाला. "तुमच्याकडे?"

आई खुर्चीत मागे रेलली.