न्यूटचं पिल्लू

"मॅडम, न्यूट तर आमच्याही बागेत येतात," दौलतने ऑफिसच्या लंच टेबलावर छातीठोकपणे सांगितलं.

न्यूट म्हणजे काय, हे त्याला नुकतंच कळलं होतं. बरीच वर्षं इंग्लंडात काढून अबुधाबीला आलेल्या इशिता मॅडम सांगत होत्या. दिसायला पालीसारखा, पण कूळ बेडकाचं. बागेत पाणी ठेवलं, कडेला दगड रचले की आपणहून राहायला येतो. आता जबल अलीच्या नव्या ऑफिसचा इनचार्ज मॅडमच नेमणार होत्या. दौलतला ती खुर्ची स्वप्नात दिसायची. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! शेजारी रामेश्वर मुकाट डबा खात होता.

"अबुधाबीत न्यूट? अनबिलिव्हेबल. रविवारी बघायलाच येते," मॅडम म्हणाल्या.

घरी ममताने कपाळावर हात मारला. "बाग? कढीपत्त्याची एक कुंडी, आणि एसीचं पाणी गळतं तिथे ठेवलेला टब?"

"तू फक्त चहा कर. बाकी मी बघतो."

बाकी म्हणजे ओट्यामागची पाल. रविवारी दौलतने ती डब्यात पकडली, टबात दगड रचले आणि मॅडमची गाडी दारात थांबताच डबा दगडावर उपडा केला. लांबून कुणाला काय कळतंय!

पण मॅडम अगदी जवळ येऊन वाकल्या. पाल सरसर भिंतीवर चढायला लागली. दौलतने झडप घातली. पाल निसटली, शेपूट तेवढं हातात राहिलं, तेही टबात पडलं आणि पाण्यात वळवळू लागलं.

"हे काय?"

"पिल्लू," दौलत म्हणाला. "ती आई होती."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. मॅडम गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या. वळवळ मंदावली, मग थांबली.

"गेलं," मॅडमनी चष्मा काढला. "मी जवळ आले म्हणून. आय ॲम सो सॉरी, दौलत."

त्यांनी स्वतःच्या हाताने कुंडीतली माती उकरली आणि शेपूट पुरलं. दौलतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाचा ट्रे घेऊन ममता दारात उभी होती; तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना. त्याने मान इतकी खाली घातली की मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडून घ्या. मोकळं वाटेल."

"या कुंडीतला कढीपत्ता आता खलास," ममता एवढंच म्हणाली. भिंतीवर बांडी पाल चुकचुकली.

सोमवारी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"दौलत, जबल अलीला तुम्हालाच पाठवणार होते. पण तिथे गोदामं, ट्रक, दिवसभर आरडाओरडा. तुमच्यासारख्या हळव्या माणसाला ते झेपायचं नाही. रामेश्वरला पाठवतेय."

आपण मुळीच हळवे नाही, हे पटवायचं तर ते शेपूट कुणाचं होतं ते सांगावं लागणार होतं. दौलतने तोंड उघडलं, मॅडमच्या ओलावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला.