नऊ नंबरची गाडी

शुक्रवारी दुपारी चार ते पाच या वेळात घरातला फोन कुणी उचलला, तर हारुन मजगावकर त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसे. गेल्या शुक्रवारी तो त्याच्या बायकोने, मैमुनाने, उचलला होता. आठवडा फार निवांत गेला, असं तिने शेजारणींना सांगितलं.

हारुन बारा वर्षं कुवेतला मोटारींच्या वर्कशॉपमध्ये होता. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एक साली, तो खाडीकाठच्या राजिवड्यात परतला आणि त्याने गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. येताना बाकीचे लोक सोनं आणि ब्लँकेटं आणतात. हारुनने कॉम्प्युटर आणला आणि त्याला जोडायचं एक स्टिअरिंग, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरसकट. हे स्टिअरिंग घट्ट बसेल असं टेबल घरात एकच होतं, मैमुनाच्या शिलाई मशीनचं. हारुनने जोरात ब्रेक मारला की मशीनचं पायडल हलायचं आणि सुई रिकामीच चार टाके घालायची.

कुवेतच्या त्याच्या जुन्या फोरमनने इंटरनेटवरून मोटारींच्या शर्यती सुरू केल्या होत्या. दर शुक्रवारी, आखातात सुट्टी असते म्हणून. बारा गाड्या, वीस फेऱ्या. बारा जणांपैकी अकरा जण कुवेत, दोहा, बहारीन, मस्कत इथे बसायचे आणि बारावा राजिवड्यात. खरं नाव कुणी सांगत नसे. नंबर, ठिकाण आणि एक टोपणनाव एवढंच. हारुनचा नंबर चार आणि नाव ‘कुवेत किंग’. कुवेत सोडल्याचं त्याने कुणाला कळवलं नव्हतं. फोरमनलाही गप्प राहायला सांगितलं होतं.

इंटरनेट यायचं फोनच्या तारेतून. स्वयंपाकघरातला दुसरा फोन कुणी उचलला की तार तुटल्यासारखं व्हायचं आणि हारुनची गाडी भर रस्त्यातून नाहीशी व्हायची. सलग दोन शुक्रवार हेच झालं होतं. आधी समोरच्या आत्माराम गुरुजींनी ‘एकच मिनिट’ म्हणून उचलला, मग मैमुनाने. नियम स्पष्ट होता. सलग तीन शर्यती अर्धवट सुटल्या की नाव यादीतून बाद. आज तिसरा शुक्रवार होता.

हारुनने सकाळीच स्वयंपाकघरातला फोन तारेसकट उपटला आणि तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं.

“अहो, शिजवायचे तांदूळ हायत ते,” मैमुना म्हणाली. आठवड्यातलं हे पहिलं वाक्य होतं.

“पाच वाजल्यावर शिजव.”

घरातल्यांचा बंदोबस्त झाला. उरला शेजार. वाडीतल्या सोळा घरांनी हारुनचा नंबर ‘पी.पी.’, म्हणजे शेजारचा फोन, म्हणून जगभर वाटला होता. एका लग्नपत्रिकेत तर नवऱ्या मुलाच्या नावाखाली तो छापलाही होता. शुक्रवार आला की कुणाच्या मुलाचा, कुणाच्या जावयाचा फोन येईल म्हणून माणसं हारुनच्या पडवीत येऊन बसायची. हारुनने एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, ‘फोन बंद आहे’, आणि पुठ्ठा दारावर ठोकला. ठोकताना खिळा वाकला. त्याने दुसरा घेतला आणि गरजेपेक्षा सहा घाव जास्त घातले.

दुपारी पावणेचारला यमुनाबाई आल्या. दोन घरं सोडून राहणाऱ्या, नवरा गेलेला, मुलगा सदू बहारीनला. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुठ्ठ्याचा त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

“काकी, फोन बंद हाय आज,” हारुनने सांगितलं.

“आज? नऊ शुक्रवार झाले, माझ्या झिलाचा आवाज नाय कानावर. त्याच्या नव्या क्यांपातला फोन त्याला शुक्रवारी ह्याच टायमाला मिळतो. तिथला पोरगा रजेवर आला होता, तो म्हणाला, हारुनभायचा फोन सारखा एंगेज. कोणाशी बोलतोस रे तू एवढा?”

“कोणाशी नाय.”

“मग एंगेज कसा?”

याचं उत्तर द्यायला वीस मिनिटं लागली असती आणि हारुनकडे बारा होती. “काकी, बसायचं तर बसा. पण बोलू नका. आणि त्या फोनला हात लावू नका.”

“मी कशाला बोलते? मी नुसती बसते,” असं म्हणून यमुनाबाई त्याच्या पाठीमागे खुर्ची ओढून बसल्या.

चार वाजता बारा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. या शर्यतीपासून प्रत्येकाने आपली गाडी हवी तशी रंगवायची मुभा होती. हारुनची गाडी काळी कुळकुळीत होती. त्याच्या पुढे उभी होती नऊ नंबर. हिरवीगार, बाजूने पिवळा पट्टा, नाकावर तीन तांबडे ठिपके.

फोनच्या खालोखाल हारुनचा राग होता या नऊ नंबरवर. दोन महिन्यांपूर्वी हा कोण बहारीनचा माणूस शर्यतीत आला आणि दर शुक्रवारी वळणावर हारुनला ठोकू लागला. ठोकायचा आणि पडद्यावर लिहायचा, ‘सॉरी भाई’. नुसतं ठोकलं असतं तर हारुनने एक वेळ सहन केलं असतं. त्या सॉरीने त्याच्या मस्तकात तिडीक जायची.

दिवा हिरवा झाला. सातव्या फेरीपर्यंत सगळं बरं चाललं. हारुन पाचवा होता. आठव्या फेरीत, डाव्या वळणावर, हिरव्या गाडीने त्याला बरगडीत ढुसणी दिली. काळी गाडी गवतात गेली. हारुनने ब्रेकवर पाय आपटला, शेजारी शिलाई मशीन खडखडलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सॉरी भाई’.

“सॉरीच्या आयचा...” हारुन ओरडला, मग मागे कोण बसलंय ते आठवून थांबला.

“हारुन,” यमुनाबाई म्हणाल्या.

“काकी, बोलू नका सांगितलं ना!”

“बोलत नाय रे. पण ही आमची होडी.”

“होडी नाय, गाडी हाय ती!”

“गाडी असल. रंग आमचे हायत. हिरव्यावर पिवळा पट्टा, पुढं नाळीवर तीन तांबडे ठिपके. माझ्या सासऱ्यांनी लावलेले. खाडीच्या तोंडाशी होडी दिसली की रंगावरून घरातली बाय चूल पेटवते. दुसऱ्याचे रंग कोण लावील? भांडणं होतील.”

हारुनची गाडी गवतातून रस्त्यावर आली होती. तो गाड्यांचं सामान विकणारा माणूस, खाडीवर सहा महिन्यांतून एकदा जाणारा. पण वाडीत कुणी दुसऱ्याच्या होडीचे रंग लावत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. बहारीन. दोन महिने. नऊ शुक्रवार. नऊ नंबर. त्याच्या डोक्यात हिशेब जुळला आणि डोकं आणखी तापलं. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने त्याने टाइप केलं, ‘नऊ नंबर, तू सदू काय?’

हिरवी गाडी जराशी हेलकावली. ‘कोण?’

‘मी हारुन. राजिवडा. तुझी आई माझ्यामागे बसलीय.’

हिरवी गाडी भर रस्त्यात उभी राहिली.

मागून येणारी मस्कतची गाडी तिच्यावर आदळली, तिच्यावर दोह्याच्या दोन. पडद्यावर धूर झाला आणि चार भाषांतल्या शिव्या उमटल्या. त्या सगळ्यातून वाट काढून हारुन बाहेर पडला तेव्हा तो दुसरा होता. चौदाव्या फेरीत तो पहिला झाला. गेल्या दोन वर्षांत तो कधी पहिला आला नव्हता.

“काय म्हणतो?” यमुनाबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“काय नाय म्हणत.”

“विचार, जेवतो काय नीट.”

“काकी, दोनशेच्या स्पीडला हाय मी!”

“मग कमी कर. कोण मागे लागलाय?”

मागे सात गाड्या लागल्या होत्या. पण नऊ शुक्रवारांचं ओझं हारुनच्या मानेवर होतं आणि ते खुर्ची ओढून आणखी जवळ आलं होतं. त्याने सरळ रस्ता बघून टाइप केलं, ‘आई विचारते, जेवतोस काय.’

‘जेवतो,’ उत्तर आलं. हिरवी गाडी आता रस्त्याच्या कडेने बैलगाडीसारखी चालली होती. ‘हारुनभाय, आई रागावली काय? मी लावत होतो फोन. सारखा एंगेज. क्यांपात करायला काय नाय. मग रूमवाल्याने ह्यात बसवलं.’

हारुनने ते वाचलं, आणि त्याला कळलं की शुक्रवारी त्याला ठोकणारा माणूस त्यानेच, स्वतःच्या फोनने, तयार केला होता. राग काढायला समोर दुसरं कुणी उरलं नाही. त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

“विचार, अंग बरं हाय काय. विचार, मुकादम त्रास देतो काय.”

सोळावी फेरी अंगाची झाली. सतरावी मुकादमाची. अठराव्या फेरीत सदूच्या लग्नाचा विषय निघाला आणि हारुन कठड्याला घासला, तरीही पहिलाच राहिला.

विसावी फेरी सुरू झाली आणि बाहेरून मैमुनाचा आवाज आला. “अहो, फोन दुरुस्त करायला माणूस आलाय.”

“फोन बंद नाय!”

“दारावर लिहिलंय की तुम्हीच.”

पाठोपाठ आत्माराम गुरुजी आत आले, धोतराचा सोगा सावरत. “हारुन, सकाळी पुठ्ठा वाचला आणि तडक टेलिफोनवाल्यांकडे गेलो. लेखी तक्रार दिली. लाईनमन माझा विद्यार्थी. म्हटलं, आजच्या आज पाहिजे. आखातातून फोन यायचा दिवस, सोळा घरांचा प्रश्न आहे. एका शब्दावर आला बघ. खांबावर चढलासुद्धा.”

“उतरवा त्याला!”

“अरे, आत्ता तर चढलाय.”

“गुरुजी, खाली उतरवा त्याला! मैमुना! त्याला सांग हात लावू नको!”

हारुनला उठता येत नव्हतं. पाय ॲक्सिलरेटरवर, हात स्टिअरिंगवर, शेवटचं वळण समोर. मैमुना धावत अंगणात गेली. यमुनाबाई म्हणाल्या, “विचार, सुट्टी कधी मिळणार.” शेवटच्या रेषेवरच्या काळ्यापांढऱ्या चौकटी दिसू लागल्या. तीनशे मीटर. दोनशे. नकळत हारुन खुर्चीतून अर्धा उठला होता.

काळी गाडी हवेत विरघळावी तशी गेली. पडद्यावर एक चौकोन आला, संपर्क तुटल्याचा.

ब्रेकवर आपटलेल्या पायाने शिलाई मशीन एकदा फिरलं आणि थांबलं. मग लाईनमन दारात आला, कमरेला पक्कड, हातात लाईन तपासायचा फोन.

“काका, बंद कुठं हाय? चालू हाय की,” तो म्हणाला. “फक्त लायनीवर खरखर येत होती. काढून टाकली.”

हारुनने तोंड उघडलं. दोन वर्षांत साठलेलं सगळं त्या तोंडाशी आलं होतं. आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन वाजला. शुक्रवारी या वेळात बऱ्याच दिवसांनी वाजलेली ती पहिली घंटी. हारुनने रिसीव्हर उचलला, ऐकलं आणि तो यमुनाबाईंच्या हातात दिला.

त्या वीस मिनिटं बोलल्या. पहिली पाच मिनिटं त्या रडल्या. पुढची पंधरा त्यांनी सदूला झापलं. “हारुनला ढुसण्या मारतोस काय रे मेल्या? शेजारी हाय तो आपला! ठोकायचं तर त्या मस्कतवाल्याला ठोक.” फोन ठेवून त्या हारुनकडे वळल्या. “पाया पडतो म्हणाला. आणि पुढच्या शुक्रवारपासून आधी फोन करणार, साडेतीनला. क्यांपात पाळी बदलून घेतो. मग गाडी.”

संध्याकाळी फोरमनचं पत्र कॉम्प्युटरवर आलं. नियम तो नियम. चार नंबर बाद. खाली एक ओळ होती: जुनी ओळख म्हणून हारुनला शर्यत बघायला यायची परवानगी आहे, फक्त बघायला.

हारुनने दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग सोडवून माळ्यावर टाकलं. मैमुनाने तांदळाच्या डब्यातून फोन काढला, झटकला आणि स्वयंपाकघरात पुन्हा जोडला. यापुढे शुक्रवारी चार ते पाच दुकान उघडं ठेवायचं, असं हारुनने ठरवलं.

पुढच्या शुक्रवारी साडेतीनला सदूचा फोन येऊन गेला आणि पावणेचारला यमुनाबाईंनी खुर्ची पडद्यासमोर ओढली.

“लाव.”

“काय लावू, काकी? मला काढून टाकलंय.”

“तुला काढलंय. माझा झील हाय ना तिथं? बघायला परवानगी हाय, मैमुनाने सांगितलंय मला. लाव.”

त्याने लावलं. त्या शुक्रवारी लावलं, पुढच्या शुक्रवारीही लावलं. यमुनाबाई सांगतील ते टाइप केलं. ‘सावकाश वळव.’ ‘तो पांढरा वाईट हाय, त्याच्यापासून लांब राहा.’ पडवीत माणसं ताटकळत बसू लागली. फोन एंगेज का, असं कुणी विचारलं की मैमुना आत बोट दाखवायची, आणि यमुनाबाईंना उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती. सदू मधल्या दोन शर्यती जिंकला. मस्कतची गाडी त्याने चार वेळा ठोकली.

त्या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी सदू पुन्हा पहिला होता. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. यमुनाबाई श्वास रोखून बसल्या होत्या आणि त्यांनी टाइप करायचंही बंद करवलं होतं. हारुनला तिथे बसवेना. तो चुळबुळत उठला आणि आत गेला. दुकानात ब्रेकच्या पट्ट्यांचा माल यायचा होता, मालाची गाडी निघाली का ते ट्रान्सपोर्टवाल्याला विचारावं म्हणून त्याने स्वयंपाकघरातला फोन उचलला.

कानात कर्कश खरखर आली. पुढच्याच क्षणी ती थांबली.

बाहेरच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“कोण तो मेला फोन उचलतो?”

यमुनाबाई त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.