रशीदमामू रिव्हर्स मारत नाहीत

आमचा सगळा संसार एका छोट्या टेम्पोत मावला होता, आणि तरी टेम्पो अर्धा रिकामाच होता. एक पत्र्याची पेटी, दोन गाठोडी, रॉकेलचा स्टो, पेटीवर आई आणि आईच्या मांडीवर मी. वैजापूरच्या मोंढ्यात पोती वाहून वाहून बाबांची पाठ गेली, हमाली सुटली, म्हणून शहरात वॉचमनची नोकरी धरली होती. टेम्पो रशीदमामूंचा. तेही मूळचे वैजापूरचेच, आणि ज्या गल्लीत आम्ही खोली घेतली तिथंच राहणारे.

शहरात शिरेपर्यंत सगळं ठीक होतं. पण बोलण्याच्या नादात टेम्पो गल्लीच्या तोंडावरून चार पावलं पुढं गेला.

"मामू, गल्ली राहिली की. जरा मागं घ्या," बाबा म्हणाले.

मामूंनी बाबांकडं असं पाहिलं, जसं काय टेम्पो विहिरीत घालायला सांगितला. "रशीद रिव्हर्स मारत नाय, भाऊ."

आणि नाहीच मारला. क्रांती चौकाला वळसा घालून, औरंगपुऱ्याच्या गर्दीतून हॉर्न वाजवत, अर्धं शहर फिरून टेम्पो गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं आत आला. आई आजही सांगते, "आपल्याला शहर दाखवलं ते मामूनं. स्टोसकट."

"रिव्हर्स मारायची पाळी येते तो डायव्हर कच्चा. पहिलंच बघून जायचं." हे मामूंचं तत्त्व, आणि ते टेम्पोपुरतं नाही. बाजाराला निघाले आणि पिशवी घरी राहिली, तर मामू मागं वळत नाहीत. चालत सगळ्या गल्लीला वळसा घालतात, पुढून घरी येतात, पिशवी घेतात आणि पुन्हा निघतात. एकदा मामी माहेरी गेलेली असताना त्यांनी डाळीत मीठ समजून साखर टाकली. दुसऱ्या कुणीही डाळ ओतून दिली असती. मामूंनी ती दोन वेळ खाल्ली आणि गल्लीभर सांगितलं, "आज मुद्दाम गुजराती बनाया."

मामी म्हणते, "निकाह से बोलरी मैं, कभी तो बोलो के गलती हुई. नै! आगेच जाना."

शेवटी वय झालं म्हणून टेम्पो विकला, तेव्हा गिऱ्हाईकाला मामूंनी सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय: "बाकी गाडी जुनी आहे, खोटं कायकू बोलू. पण रिव्हर्स गियर एकदम कोरा."

आता माझ्याविषयी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी. एस्सी., कॉम्प्युटर सायन्स. हे मी सांगते आणि पुन्हा सांगेन, कारण माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवसापासून मामूंनी माझं नाव टाकूनच दिलं. "ए बीएस्सी!" बस. गल्लीत कुणाचा फोन अडला, टीव्ही अडला, मिक्सर जळाला, की मामू मलाच हाक मारतात. मिक्सर माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, हे सांगून काही उपयोग होत नाही.

फोनच्या बाबतीत मामू आम्हा सगळ्यांच्या पुढं. नवं व्हर्जन आलंय, घेऊ का, असं फोननं विचारायचा अवकाश, मामू 'हो' दाबतात. बाबा भिऊन रोज 'नंतर' दाबतात, तर त्यांना टोमणा: "भाऊ, गाडी पुढं न्यायला घाबरतो व्हय?"

म्हणून त्या शुक्रवारी आम्ही सगळे चाट पडलो. आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारची. मी केस वाळवत बसले होते आणि मामू दारात उभे. फोन हातात असा लांब धरलेला, जसा गरम तवा.

"बीएस्सी, याला मागं घे."

"म्हणजे?"

"गेल्या हप्त्यात नवा आला ना यात, तो काढ. पहिलं होतं तसं कर."

बाबांचा चहा बशीत सांडला. "मामू, रिव्हर्स?"

"मैं नै मार रहा. ये मारेंगी."

मी समजावलं. फोन पुढं जातो एका बटणानं, मागं आणायचा म्हणजे लई उपद्व्याप. जुनं व्हर्जन शोधून कॉम्प्युटरवर उतरवायचं, फोनचं आतलं कुलूप काढायचं, वायरनं जोडायचं. फोनमधलं सगळं पुसलं जातं. मधेच वायर हलली तर फोनची वीट होते, म्हणजे कायमचा बंद.

"हुई तो हुई. पण शाम के पहले होना. जुम्मा है, आपा से बात रहती."

आपा म्हणजे मामूंची थोरली बहीण. वैजापूरला एकटी राहते.

"बोलणं तर नव्या व्हर्जनवरही होतं, मामू."

"नै होता."

"का? बिघडलंय काय?"

मामूंनी जरा विचार केला. "रंग पसंद नै."

रंगासाठी फोनची वीट करायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. हे काम मीही आधी कधी केलं नव्हतं. पण इतकी वर्षं बीएस्सी म्हणून हाक ऐकल्यावर माघार कशी घ्यायची? थोडा टेम्पो माझ्यातही आहे. मामूंचे फोटो आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. निम्मे त्यांच्याच अंगठ्याचे, बाकीचे टेम्पोचे. सगळे समोरून.

काम सुरू झालं. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली तसे मामू खुर्चीत ताठ झाले आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आने दो... आने दो... आने दो..." वर टेबलावर थाप.

"मामू, थापा नका मारू, वायर निघंल!"

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. पट्टी संपली, फोन काळा झाला, कंपनीचं नाव उमटलं आणि तिथंच अडकला.

"बंद पडला? धक्का द्यायचा का?"

"थांबा जरा."

"रेडिएटरमधी पाणी टाका," बाबा म्हणाले. मामू हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. पुटपुटले, "नै हुआ तो आपा सोचेंगी, उसकीच गलती."

आणि पडदा उजळला. जुना रंग, जुनी चित्रं, जिथल्या तिथं.

"बस!" मामूंनी टेबलावर दोन थापा हाणल्या. या वेळी मी मारू दिल्या.

पुसलं गेलेलं सगळं मी दुपारी परत भरून दिलं, आणि ते नीट चालतंय का बघायला संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मामूंच्या कानाला मामीचा बटणांचा फोन होता, आणि स्वतःचा मोठा फोन समोर पाटावर ठेवलेला.

"आपा, बटनवाला कान को लगाई? बडा फोन सामने रख. अब नीचे देख. हरा गोल." बोलता बोलता मामू आपल्या फोनवर त्याच जागी बोट ठेवत होते.

मामीनं मला हळूच सांगितलं. दोघा बहीणभावांचे फोन औरंगपुऱ्यातून एकाच दिवशी घेतलेले, एकसारखे. आपाला अक्षर वाचता येत नाही. तिचा लेक आखातात नोकरीला, शुक्रवारीच मोकळा असतो. मामू आपल्या फोनवर बघून जागा सांगतात, आपा तिकडं बोट ठेवते आणि लेकाचं तोंड बघते. या नव्या व्हर्जननं सगळ्या जागाच हलवल्या. मामूंचा फोन पुढं गेला, आपाचा तिथंच राहिला. मागच्या शुक्रवारी मामू सांगत होते ते तिच्या फोनवर नव्हतंच. मामू चिडून ओरडले. आपा रडायला लागली, "रशीद, मेरा दिमाग चला गया रे."

मला राहवलं नाही. "मामू, आपाचाच फोन पुढं आणायचा होता की. एका बटणाचं काम."

मामूंनी कानाचा फोन तळहातानं झाकला. "एकेक जागा पाठ केली तिनं, बीएस्सी. या उमरीत. तिला परत पहिलीत कायकू बसवू? मीच येतो ना मागं."

"रशीद, अब?" फोनमधून आवाज आला.

"अब उसके फोटो पे उंगली रख, आपा. हौ. दबा."

मामू श्वास धरून बसले. मग पलीकडून, वैजापूरच्या त्या खोलीतून, एका बाप्याचा आवाज आला, "अम्मी! दिखरी तू!"

आपानं बटणांचा फोन कुठंतरी ठेवून दिला असावा. जेवलास का, बारीक का झालास, केस का वाढवलेस, असं तिचं लेकाशी लांबून ऐकू येत होतं. मामूंशी आता कुणीच बोलत नव्हतं. तरी ते फोन कानाला लावून बसले होते.

"ठेवा ना अब," मामी म्हणाली.

"रहने दे."

आपाचा फोन लागला होता. तिच्या स्वतःच्या बोटानं.