हिंदुराव पेंटरचं शेवटचं पान

आमच्या हिंदुराव पेंटरनं आयुष्यात कुणालाही हसू दिलं नाही. म्हणजे चित्रात. प्रत्यक्षात त्याच्यावर अख्खं इस्लामपूर हसायचं, आणि त्यात माझा वाटा मोठा होता.

त्याचा धंदा गेलेल्या माणसांची तैलचित्रं काढायचा. घरातलं कुणी गेलं की नातेवाईक एसटीच्या पासावरचा नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा घेऊन यायचे. हिंदुराव त्यातून दीड बाय दोन फुटांचा रुबाबदार माणूस उभा करून द्यायचा. बायकांना हिरवं लुगडं, पुरुषांना काळा कोट. कोट एकच होता, दुकानात खुंटीला टांगलेला, डाव्या खिशाची शिवण उसवलेला. हिंदुराव दिसेल तसं काढणारा माणूस, त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतले निम्मे कैलासवासी त्याच उसवलेल्या खिशानिशी भिंतीवर बसलेत.

हसणारा फोटो आणला तर मात्र तो दिसेल तसं काढायचा नाही. तोंड मिटवून द्यायचा. "आमचं आण्णा कायम हसायचं वो," असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं की त्याचं उत्तर ठरलेलं, "हार घालायचा हाय न्हवं? हार घातल्याव हसतो त्यो फकस्त निवडून आलेला मानूस!"

मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर आणि त्याच्या दुकानासमोर राहायला. त्यामुळे हे वेबसाईटचं खूळ सगळ्यात आधी माझ्या गळ्यात पडलं. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. वाईला एका गुरुजींचं चित्र पोचवायला तो गेला होता. तिथं त्यांच्या पुण्याच्या जावयानं सांगितलं, की आता चित्रं कॉम्प्युटरवर टाकली की कुठूनही बघता येतात. हिंदुराव परत आला तो सरळ माझ्या ओट्यावर.

"मास्तर, कुठनंबी म्हंजी कुठनंबी?"

"कुठूनही."

"जतच्या माळावरनंबी?"

"तिथं वीज असेल तर," मी म्हणालो आणि पेपर वाचायला लागलो. अमेरिका सोडून याला जत कसं सुचलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सांगलीत शबाना मुल्ला नावाची एक हुशार मुलगी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिच्याकडे इंटरनेट होतं. हिंदुराव तिला म्याडम म्हणायचा आणि ती त्याला काका. आम्ही चित्रांचे फोटो काढून तिच्याकडे नेले. प्रत्येक चित्राखाली इंग्रजीत चार ओळी मी लिहायच्या, असं ठरलं. पहिल्या पानासाठी हिंदुरावनं उंबरा, तोरण आणि रांगोळी असलेला दरवाजा रंगवून आणला. "मानूस घरात येनार म्हंजी उंबरा नको व्हय?" शबानानं मुकाट्यानं उंबरा चढवला. शेवटचं पान मात्र तो एकटाच जाऊन तिच्याकडे देऊन आला. त्याला इंग्रजी नको म्हणाला. मला वाटलं, स्वतःचाच फोटो लावला असणार.

मग जाहिरात सुरू झाली. एसटी स्टँडाच्या भिंतीवर, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं, रसवंतीच्या पाटीखाली, जिथं हात पोचेल तिथं त्यानं वेबसाईटचा पत्ता रंगवला. पूर्वेकडं, जतच्या बाजूला जाणारी ट्रॉली दिसली की ब्रश घेऊन पळायचा. पुण्याच्या गाड्यांकडे ढुंकून बघायचा नाही. मी म्हणालो, "अरे, गिऱ्हाईक पुण्याला आहे, पूर्वेला नुसती कुसळं." तो म्हणाला, "कुसळातबी मानसं ऱ्हात्यात, मास्तर."

पुढं तर तो चित्रांवरच पत्ता घालायला लागला. जन्माची तारीख, मृत्यूची तारीख आणि त्याखाली वेबसाईट. एक बाई चित्र न्यायला आल्या, त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "आमचं मालक आता हितं असत्यात व्हय?"

हिंदुरावनं ब्रश कानावर खोचला. "व्हय," तो म्हणाला. "सांगलीत. यस्टीनं दीड तास."

आणि लोक जायला लागले! पुण्यतिथी आली की घरची सात-आठ माणसं नवी लुगडी, टोप्या घालून सांगलीला शबानाच्या क्लासात. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून चित्र वरून खाली, बोटा-बोटानं उतरायचं. सगळं घर हात जोडून बसायचं. "पटका आला! कपाळ आलं! डोळं आलं!" आणि नेमकं नाकापाशी अडायचं. मग शबाना पुन्हा फोन जोडायची, आणि आजोबा पुन्हा पटक्यापासून सुरुवात करायचे. एकदा एका सुनेनं भक्तिभावानं काचेला कुंकू लावलं, दुसऱ्या घरानं तर नारळ फोडायला टेबलाचा कोपरा बघितला. शबानानं दारावर पाटी लावली : हार चालेल, उदबत्ती व नारळ बाहेर. हे मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा सांगितलं, की लोक मला बघूनच हसायला लागायचे.

हिंदुरावची एकच अट असायची. आपलं माणूस बघून झालं की शेवटचं पान बघितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मी सोबत गेलो असलो, तरी तोवर चहाला बाहेर पडलेला असायचो. त्याची मिरवायची हौस बघायला कोण थांबणार?

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र थांबलो, कारण चहावाला बंद होता. त्या दिवशी तानूबाई नावाच्या ऐंशीच्या घरातल्या आजी दिराला बघायला आल्या होत्या. दीर दिसले, डोळे पुसून झाले. मग शेवटचं पान उतरायला लागलं. हिरव्या लुगड्याचा पदर आला. डोरलं आलं. मांडीवर ठेवलेला हात आला, आणि तो हात असा काही रंगवला होता, की मी खुर्ची पुढं ओढली. मनगटावरच्या गोंदणाचा विंचू, त्याची मोडकी नांगी, करंगळीचं वाकडं नख. पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ रंग होता. पान थांबलं.

आजी वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं, पुन्हा तार तुटली. "मुखडा कवा येनार रं?"

"न्हाई आजी," हिंदुराव म्हणाला. "एवढंच हाय. माजी आय. जतकडं मेंढरं राखायची. मी चार वर्षांचा हुतो तवा गेली, मग मामानं हिकडं आनलं. फोटू न्हाई. मला हात तेवढा ठावं हाय."

इतक्या वर्षांत मी हे त्याला कधी विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

आजी काचेला नाक लावून त्या विंचवाकडे बघत होत्या. "ही ठकू न्हवं? बिरूची? आमच्या वाडीची? ह्यो इंचू गोंदताना नांगी मोडली म्हनून रडली न्हाई, हसत सुटली हुती."

हिंदुराव त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसला. "कशी हुती दिसायला?"

"कशी म्हंजी? चार बायकांवानी."

"नाक? डोळं?"

"एवढं कुठलं ध्यानात ऱ्हातंय बाबा. पर हसायची लय. मेंढरू हरवलं तरी हसायची. हसली की हितं, डाव्या गालाला, खळी पडायची." आजींनी त्याची हनुवटी धरली. "तुजं कपाळ तिचंच दिसतंय. खळी हाय का बघू. हास की रं जरा."

हिंदुरावनं खटपट केली. ओठ ताणले, दात दाखवले. हसू आलं नाही. शबाना खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला दुकानात बोलावलं. आईचा तो बिनचेहऱ्याचा कॅनव्हास लावलेला होता. शेजारी सलूनमधून आणलेला आरसा होता, आणि हिंदुराव दाढी करून त्याच्यासमोर बसला होता.

"मास्तर, मला हसवा."

वीस वर्षं मी याच्यावर गावाला हसवलं होतं. कोटाचे किस्से, कुंकवाचे किस्से, सगळे तोंडपाठ. पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर त्यातला एकही किस्सा मला सांगवेना आणि दुसरं काही सुचेना. नुसता तोंड उघडून उभा राहिलो.

हिंदुरावनं मला आरशात बघितलं.

"आवं मास्तर, त्वांड बघा की तुमचं!" तो म्हणाला आणि हसला. अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या डाव्या गालावर मी वीस वर्षांत न बघितलेली खळी पडली. तसंच हसत त्यानं चाचपडत ब्रश उचलला.

"हालू नका," तो म्हणाला. "तस्संच हुबं ऱ्हावा."

मी तोंड तसंच उघडं ठेवून ऊन उतरेपर्यंत उभा राहिलो.