टाकलेला पत्ता

नामदेवभाऊ माझ्या घरचा चहा घेत नाहीत. भांडण नाही, पथ्यपाणी नाही, शुगरही नाही. नऊ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, पत्ते वाटायला आले, तेव्हा मी विचारलं, "भाऊ, चहा ठेवू काय?" आणि ते संकोचानं "नको" म्हणाले. बस्, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं तर म्हणतात कसे, "वयनी, काल नाई म्हणलं ना? टाकला पत्ता मेला."

मला वाटलं गंमत करतात. कशाची गंमत! नऊ वर्षं झाली, रोज दुपारी सगळे माझ्याकडे चहा पितात आणि हा माणूस बशीकडे पाहत बसतो.

आमचं गाव जऊळका. भाऊंची सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. एकदा फाटक खाली आलं की वऱ्हाडाची गाडी असो नाहीतर गावचे सरपंच असोत, आगगाडी जाईपर्यंत वर जायचं नाही. ती सवय रिटायर झाल्यावरही अंगातच राहिली. लग्नाच्या पंगतीत एकदा वाढप्याला सवयीनं "बस" म्हणून बसले, आणि मग दिसलं की वाटीत बासुंदी येते आहे. वाढपी आग्रह करून थकला. भाऊ ताटावर हात ठेवून बसले होते आणि डोळे मात्र बासुंदीच्या बादलीमागे पार मांडवाच्या टोकापर्यंत जाऊन आले.

आता आमच्या खेळाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. आम्ही तीन पत्ती खेळतो. पैशानं नाही हो, गुंड्यांनी! शर्टाच्या गुंड्या. पुंडलिकभाऊ शिंपी, त्यांनी डबाभर आणून दिल्या होत्या. प्रत्येकाला तीन पत्ते. बरे आले तर गुंडी टाकून "चाल" म्हणायचं, नाही आवडले तर पत्ते पालथे टाकून "पॅक" म्हणायचं. शेवटी जो एकटा उरला, त्याच्या गुंड्या. मी, शेजारची सुभद्रा आणि पुंडलिकभाऊ खेळणारे. नामदेवभाऊ कधीच खेळत नाहीत. ते फक्त पिसतात, वाटतात आणि निकाल देतात.

आणि शिस्त काय! आपली पाळी आल्याशिवाय पॅक म्हणायचं नाही. टाकलेले पत्ते उलटून दाखवायचे नाहीत. "अगं माय, माझ्याजवळ दोन राण्या होत्या" असं हळहळायचं नाही. सुभद्राला तर हळहळल्याशिवाय अन्न पचत नाही. "भाऊ, मनातल्या मनात तं हळहळू द्या!" ती म्हणायची. भाऊ म्हणायचे, "मनात हळहळ, पण चेहरा सरळ ठेव."

सगळ्यात मोठा नियम म्हणजे, ज्याचा डाव चालू आहे त्यानं आपले पत्ते पालथेच, पण सगळ्यांना दिसतील असे समोर ठेवायचे. हा नियम मी मोडला. त्याची भरपाई कोणी केली ते सांगते.

दोन वर्षं झाली असतील. सुभद्रानं पॅक केलं होतं. डावात मी आणि पुंडलिकभाऊ दोघंच उरलो. गुंड्यांचा ढीग चांगला मोठा झाला होता. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास सुटला. मी हातातले तीन पत्ते शेजारच्या सुपाखाली सारले, सुपात तूर निवडत होते ना मी, आणि धावत आत गेले. पुंडलिकभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पाहिलं, माझ्यासमोर पत्ते नाहीत, मी उठूनही गेलेली. त्यांना वाटलं, मीही पॅक केलं, डाव आपला झाला. त्यांनी आपले पत्ते चटईच्या काठावर पालथे ठेवले आणि दोन्ही हातांनी गुंड्या ओढल्या.

मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि सुपाखालून पत्ते काढले. "अवं भाऊ, मी तं हाये अजून!"

 आम्ही सगळे नामदेवभाऊंकडे पाहायला लागलो.

"पुंडलिक, पत्ते हातातून सुटले," ते म्हणाले. "पॅक. डाव वयनीचा."

"मी पॅक म्हणलो काय बे?"

"तोंडानं नाई म्हणलं. हातानं म्हणलं."

"अहो, चूक माझी आहे," मी म्हटलं. "पत्ते मी झाकले."

"तुमची चूक तुमाले मंग सांगतो, वयनी. पण मेलेला पत्ता उठत नसते."

पुंडलिकभाऊंनी गुंड्या सोडल्या. उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "नामदेव, तू फाटकावर एकला राह्यचा म्हणून मी शिलाई सोडून रोज डबा घेऊन तुह्यापाशी येऊन बसलो. आज तू माह्यावरच फाटक पाडलं." आणि चपला घालून गेले. त्यानंतर आले नाहीत.

आम्ही खेळत राहिलो. दुसऱ्या दिवशी भाऊ पत्त्यांचा नवा कॅट घेऊन आले. जुन्याचं काय झालं, कोणी विचारलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की भाऊंनी त्यानंतर एकही नवा शर्ट शिवला नाही. दुसऱ्या शिंप्याकडे जायचं नाही, आणि त्या शिंप्याकडे जाता येत नाही. कॉलर झिजून तिचे दोरे मानेवर आले होते.

परवा सकाळी, दुपारी नाही बरं का, सकाळी, भाऊ दारात उभे. हातात बिस्किटाचा जुना डबा. पुंडलिकभाऊंना त्यांचा मुलगा पुण्याला कायमचं घेऊन जाणार, ही बातमी गावात आदल्या दिवशीच फिरली होती.

"वयनी," ते म्हणाले, "दूध उतू गेलं त्या दिवशी, तुमी चाल केली होती काय?"

"कुठून करणार? मी बोलायच्या आधी तुम्हीच निकाल दिला."

"अन् त्याचे पत्ते टाकलेल्या पत्त्यांत मिसळले होते काय?"

"नाही. चटईच्या काठावर वेगळे होते."

"मंग तो पॅक झालाच नव्हता." ते डब्याकडे पाहत म्हणाले. "पत्ते मिसळले नसतीन अन् पुढच्यानं चाल केली नसंन, तं उचलता येते. मले त्याच संध्याकाळी समजलं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"वाटणाऱ्यानं दिलेला निकाल परत कसा घ्यावा, वयनी?"

मी हातातलं काम ठेवलं. पायात चपला घातल्या.

पुंडलिकभाऊंच्या दुकानात मशीन पोत्यात गुंडाळून ठेवली होती. नामदेवभाऊंनी कापडं बेतायच्या टेबलावर दुपट्टा अंथरला आणि डबा उघडला. तीन पत्ते एका कागदात, तीन दुसऱ्या कागदात, आणि त्या दिवसाच्या सगळ्या गुंड्या. पत्ते पालथेच मांडले.

"निकाल चुकला होता," ते म्हणाले. "डाव अर्धा हाये, पुंडलिक. चाल तुही हाये."

पुंडलिकभाऊ टेबलावर वाकले. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता सगळं स्वच्छ दिसत होतं. "दोन वर्ष डब्यात ठेवले? अन् तू पाह्यले असतीन ना, माह्यापाशी काय होतं ते?"

"दुसऱ्याचे पत्ते?" भाऊंना खरंच राग आला. "मी?"

पुंडलिकभाऊंनी स्वतःचे पत्ते उचलून पाहिले. मग हात पुढे केला, नामदेवभाऊंच्या शर्टाची एका दोऱ्यावर लोंबणारी गुंडी तोडली आणि ढिगात टाकली. "चाल."

आता पाळी माझी. मी माझे पत्ते उचललेच नाहीत. सगळ्यांना दिसतील असे हातानं पुढे सरकवले आणि मोठ्यानं म्हटलं, "पॅक."

नामदेवभाऊंनी गुंड्यांचा ढीग पुंडलिकभाऊंकडे लोटला. त्यांचा हात तिथेच राहिला, लवकर मागे आला नाही. मी विचारलं, "आता तरी दाखवा ना, काय होतं ते?" तर दोघंही माझ्यावर एकदम खेकसले, "दाखवायचं नसते!"

मग पुंडलिकभाऊंनी पोत्यातून सुईदोरा शोधून काढला. "काढ शर्ट," ते म्हणाले. "गुंडी लावून देतो. कॉलर पलटवतो. गुरुवारची गाडी हाये, तोवर होते."

भाऊ बनियनवर टेबलाशी बसले. मी निघाले तर मागून आवाज आला. फाटकावर मोठमोठ्या ट्रकवाल्यांना थांबवणारा तो आवाज, पण आता पार खाली गेलेला.

"वयनी, ते चहाचं... येकडाव पुना इचारता काय?"

मी वळून विचारलं, "नामदेवभाऊ, चहा ठेवू काय?"

त्यांनी पुंडलिकभाऊंकडे पाहिलं. निकाल मागावा तसं.

पुंडलिकभाऊंनी दातांत धरलेला दोरा तोडला. "घे लेका," ते म्हणाले. "पुढच्यानं अजून चाल नाई केली."